पीकपंडितांचे टोमॅटो

शेतीच्या बातमीदारीत पीकपंडितांचा हात धरणारा कोणी नव्हता. निदान ते स्वतः तसं सांगत. त्यांचं ‘माझी गच्ची’ हे सदर अकरा वर्षं चाललं होतं आणि यंदा त्याला पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी म्हटलं, भाषेला मातीचा वास आहे. भाषेलाच होता. गच्चीवरच्या चारही कुंड्या रिकाम्या होत्या, कारण पंडितांना दम म्हणून नव्हता. बी पेरलं की दुसऱ्याच दिवशी कोंब फुटला का ते उकरून बघायचे. सदर आपलं पुस्तकं चाळून लिहायचे.

शनिवारी सकाळी सातला संपादकांचा फोन आला. “नऊ वाजता फोटोग्राफर पाठवतोय. उद्या पहिल्या पानावर तुम्ही आणि तुमचे टोमॅटो.”

पंडितांच्या तोंडचं पाणी पळालं. टोमॅटो नाहीत हे कळलं तर पुरस्कार गेला, सदर गेलं, अब्रूही गेली. ते घरभर येरझाऱ्या घालू लागले. चहा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

“किती फिराल?” बायको म्हणाली. “खाली शिंपीकाकांच्या ओट्यावर कुंड्यांत टोमॅटो लगडलेत. काका फिरायला गेले की दहाशिवाय परतत नाहीत.”

दोघांनी तीन कुंड्या तीन जिने चढवल्या. पायऱ्यांवर माती सांडली, पण ती झाडायला वेळ कुणाला होता!

फोटोग्राफर आला आणि वाकून बघू लागला. “रोपांना या रेशमी पट्ट्या कशाला बांधल्यात?”

“माझं संशोधन,” पंडित एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाले. “सुतळीनं देठ काचतो.”

“कोटाचं अस्तर आहे ते,” दारातून आवाज आला. गुडघा दुखतो म्हणून शिंपीकाका लवकर परतले होते आणि मातीचा माग काढत वर आले होते.

धरणीनं पोटात घ्यावं असं पंडितांना वाटलं, पण तिसऱ्या मजल्यावर धरणी कुठून आणणार?

काका चिडले नाहीत. फोटोग्राफरनं विचारलं, “एवढे टोमॅटो लागतात तरी कसे?”

“यांच्या सदरामुळे. अकरा वर्षांत एक अंक चुकवला नाही.”

पंडितांचा जीव भांड्यात पडला.

“पहिल्या वर्षी यांनी लिहिलं तसं केलं, सगळं वाळून गेलं. तेव्हापासून हे जे सांगतात त्याच्या बरोबर उलटं करतो.”

रविवारी पहिल्या पानावर काका झळकले. पंडितांचा नुसता डावा कोपर आला होता. पाठोपाठ संपादकांचा फोन.

“घाबरू नका, पुरस्कार भाषेसाठी आहे, तो तुमचाच. सदरही चालू ठेवू. यापुढे काका सांगतील, तुम्ही लिहून घ्या. फक्त कृपा करून त्यात स्वतःचं काही घालू नका.”