मावशीच्या सहा बॅगा

मावशीने काम हातात घेतलं की ते झालंच म्हणून समजायचं, असं सगळं घर म्हणायचं. सगळ्यांत जास्त वेळा ते मावशी स्वतः म्हणायची. औषधांच्या एका मोठ्या गोदामात माल रवाना करण्याचं खातं तिच्याकडे होतं. बर्फातली इंजेक्शनं चारशे किलोमीटरवर गारच्या गार पोचवणारी बाई ती. सहा पोरींना तळ्याकाठच्या एका घरात तीन दिवसांसाठी पोचवणं तिला काय जड?

भाचीचं लग्न महिन्यावर आलं होतं. तिच्या पाच मैत्रिणींना तिच्यासाठी बॅचलरेट पार्टी, म्हणजे लग्नाआधीची फक्त मैत्रिणींची मौज, करायची होती, तीही गावाबाहेर आणि तिला पत्ता लागू न देता. दोन आठवडे त्यांनी फोनवर इतका काथ्याकूट केला की शेवटी तारीखसुद्धा ठरेना. मग त्या मावशीकडे आल्या. मावशीने सांगितलं, बुधवारपर्यंत प्रत्येकीने आपली बॅग माझ्याकडे जमा करायची, शुक्रवारी सकाळी भाड्याच्या गाडीतून बस स्टँडवर यायचं, बाकी सगळं माझ्यावर सोडा. पोरींनी सोडलं. तिथेच गाडं बिघडलं.

पहिली अडचण बॅगा ठेवायच्या कुठे. भाची फिजिओथेरपिस्ट. तिचा दवाखाना मावशीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि रोज दुपारी ती मावशीकडे जेवायला यायची, तेही स्वतःच्या किल्लीने दार उघडून. म्हणून मावशीने बॅगा समोरच्या फ्लॅटमध्ये हलवल्या. तिथे मोजणीसाहेब राहायचे. आयुष्यभर जमिनी मोजून निवृत्त झालेले, बायको जाऊन सहा वर्षं झालेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांनी बॅगा भिंतीपासून समान अंतरावर मांडून ठेवल्या.

दुसरी अडचण खोटं बोलण्याची. मावशीचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि घरी आले की भिंगाशिवाय तसेच बसायचे. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होत आणि भाचीला ते पाठ होतं. भाचीची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, तिच्या तोंडात तर तीळ भिजत नसे. म्हणून मावशीने तिघांनाही एकच सांगितलं: शुक्रवारपासून तीन दिवस गोदामाचं ट्रेनिंग आहे, औषधांच्या थंड साठवणुकीचं. भाचीने फक्त स्टँडपर्यंत सोडायला यायचं.

आता राहिली सहावी बॅग, भाचीची स्वतःची. ती तिला कळू न देता भरायची होती. मावशीने सोमवारी तिचा लाल ड्रेस मागून घेतला, मंगळवारी पोहण्याचा पोशाख आणि बुधवारी अत्तराची बाटली.

"मावशी, हे ट्रेनिंगला लागतं?" भाचीने विचारलं.

"आमचं ट्रेनिंग फार सखोल असतं," मावशी म्हणाली आणि घाईघाईने पोळीचा घास तोंडात कोंबला.

त्याच गडबडीत तिने यजमानांच्या दुरुस्तीच्या पावतीमागे कामांची यादी लिहिली होती. ती यादी कुठे गेली कुणास ठाऊक. तिने दुसरी लिहून काढली आणि विषय संपवला.

बुधवार संध्याकाळपासून मात्र घरात विचित्र गोष्टी घडू लागल्या. यजमानांनी भांडी घासली. न सांगता, आणि कढईच्या बुडासकट. मग ते तिच्यासमोर बसले आणि त्यांनी विचारलं, मिशी काढली तर बरी दिसेल का. थोड्या वेळाने थोरल्या बहिणीचा फोन आला. ती लहानपणच्या एका फ्रॉकची आठवण काढून रडली आणि तो फ्रॉक तूच ठेवायला हवा होतास असं म्हणून तिने फोन ठेवून दिला. गुरुवारी दुपारी भाचीने जेवता जेवता मावशीचा हात धरला आणि विचारलं, "तू सुखी आहेस ना गं?"

गेल्याच आठवड्यात मावशीने रक्त तपासून घेतलं होतं. हे सगळे एकदम इतके प्रेमळ का झालेत, याचं तिला एकच कारण दिसलं. आपल्याला काहीतरी मोठं झालंय आणि आपल्यालाच कुणी सांगत नाही! तिने तडक प्रयोगशाळेत फोन लावला. तिथली बाई म्हणाली, सगळं उत्तम आहे, फक्त ड जीवनसत्त्व कमी आहे. ती हे इतक्या गोड आवाजात म्हणाली की मावशीची खात्रीच पटली, हीसुद्धा सामील आहे. तरी पार्टी रद्द करायची नाही असं तिने ठरवलं. जाण्यापूर्वी पोरीची हौस पुरवून जाऊ, असा तिने मनाचा हिय्या केला आणि आपली बॅग भरताना डोळे पुसले.

शुक्रवारी सकाळी भाचीच्या गाडीतून ती स्टँडवर उतरली तर थोरली बहीण आधीच तिथे उभी. शेजारी यजमान. मिशी काढलेले. त्यांना ओळखायलाच तिला दोन क्षण लागले.

"मला सगळं माहीत आहे," यजमान म्हणाले.

"मग मला कुणी का नाही सांगितलं?" मावशी ओरडली. "किती दिवस आहेत माझे?"

"तीन, असं तूच म्हणालीस."

इतक्यात रिक्षा थांबली आणि तीतून मोजणीसाहेब उतरले. मावशीने बॅगा घेऊन येण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपवली होती. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बाकीच्या बॅगा रिक्षातच ठेवून, दोन बॅगा ओढत ते थेट तिच्याकडे आले. "बाई, सामान सगळं बरोबर आहे. निघायचं का आता?"

थोरल्या बहिणीने तोंडाला रुमाल लावला. यजमान मात्र शांतपणे पुढे झाले.

"साहेब," ते म्हणाले, "तिला थंडी सोसत नाही. तळ्याकाठी गारवा असेल, स्वेटर हाताशी ठेवा. आणि झोपताना पाणी उशाशी लागतं तिला."

मोजणीसाहेबांनी मान डोलावली. काही समजलं नाही तरी मान डोलावण्याची त्यांची पद्धत होती.

तेव्हा भाचीने पर्समधून दुरुस्तीची एक पावती काढली आणि मागची बाजू मोठ्याने वाचली. दोघांसाठी खोली, तळ्याच्या बाजूची. घरी संशय येऊ द्यायचा नाही. बॅगा साहेबांकडे. निघाल्यावर फोन बंद. ही यादी यजमानांना दुकानात सापडली होती. भाचीने गोदामात विचारलं तर ट्रेनिंग नाहीच. लाल ड्रेसचं तिनेच त्यांना सांगितलं होतं. मावशी साहेबांबरोबर पळून चाललीय, हे तिघांनी मिळून नक्की केलं होतं.

हे कानावर पडताच मोजणीसाहेब बॅगेवर बसले.

मावशीला आधी हायसं वाटलं, कारण ती मरणार नव्हती. मग ती भडकली. पण ती तोंड उघडणार तेवढ्यात यजमान बोलू लागले. "एकोणीस वर्षं मी तुझ्याशी फारसं बोललो नाही. मला वाटायचं, तुला शांतता आवडते."

"आवडते," मावशी म्हणाली. तिचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. "पण तुम्ही अधूनमधून ती मोडलीत तर चालेल मला."

त्याच वेळी मोठी गाडी वळण घेऊन आली आणि खिडक्यांतून पाच पोरी भाचीच्या नावाने ओरडू लागल्या. भाची गाडीकडे बघत राहिली, मग मावशीकडे.

"लाल ड्रेस माझ्यासाठी?"

"तो माझ्या दंडात तरी जाईल का गं? आणि ती दोघांची खोली तुझी नि माझी."

भाची हसता हसता रडली. थोरल्या बहिणीने मोजणीसाहेबांची तीनदा माफी मागितली आणि त्यांना घरी चहाला घेऊन गेली. यजमान एकटे उरले. दुकानावर त्यांनी 'घरगुती कारणासाठी बेमुदत बंद' अशी पाटी लावून टाकली होती, त्यामुळे त्यांना जायला जागाच नव्हती. गाडीत एक सीट रिकामी होती. भाचीनेच त्यांना हाताला धरून आत बसवलं.

तळ्याकाठी पोचल्यावर पोरींनी खांद्यावर घालायचे गुलाबी पट्टे काढले. एकावर 'नवरी' आणि बाकीच्यांवर 'नवरीची मैत्रीण' असं छापलेलं होतं. एक जास्तीचा निघाला. यजमानांनी तो गळ्यात घालून नीट सरळ केला. त्या घराची देखभाल करणारी बाई फोटो काढायला आली, तिने फोनमधून डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, मैत्रिणींनो, जरा जवळ सरका.

सगळ्यांत आधी यजमान सरकले.