भाऊसाहेबांचा पेट्रोली बंब

भाऊसाहेबांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहा उभ्यानं, दाढी चालता चालता. न्हावी बिचारा वस्तरा घेऊन मागे मागे. शिंदे की छावनीत आमची भिंतीला भिंत. रोज सकाळी पलीकडून आरोळी यायची, "उठा वामनराव! हवा निघून जाईल!"

हवेशी त्यांचं नातं नोकरीचं. तिघऱ्याच्या तलावावर दरबारची एक जुनी शिडाची होडी होती, तिचे ते कारभारी. संस्थान विलीन झालं तेव्हा हत्ती-घोड्यांचीसुद्धा व्यवस्था लागली. होडी मात्र सगळे विसरले. आठवली ती राजधानी भोपाळला गेल्यावर. हुकूम आला : इंधनाची टाकी गळते, नवी बसवा आणि दिवाळी होताच होडी इकडे रवाना करा.

वारा पडला तर उपयोगी पडावं म्हणून होडीला छोटं इंजिन होतं. त्याची ती तांब्याची टाकी मागच्या बाकाखाली असे. भाऊसाहेबांनी धनत्रयोदशीलाच ती उपटली आणि टांग्यात घालून घरी आणली. पडाव मोहल्ल्यातल्या कारागिरानं केलेली नवी टाकी मात्र तलावाच्या काठावर पडून.

"नवी कधी बसवणार?"

"पाडवा झाला की. फौरन!" म्हणत ते अंगणाला आणखी एक प्रदक्षिणा घालून आले.

एवढं तांबं पाहून मराठी माणसाला जे सुचायचं तेच सुचलं. "बढिया बंब होईल, वामनराव!" चिंच लावून टाकी घासली, गळती बुजवली, तोटी बसवली, पाणी भरलं आणि नरकचतुर्दशीला खाली जाळ घातला.

भक्क!

धूर विरला तेव्हा भाऊसाहेबांची अर्धी मिशी गेली होती.

"काही नाही," ते म्हणाले, "इंजिन चालू झालं!"

मग शेजारधर्म म्हणून त्यांनी मलाही आग्रहानं त्याच पाण्यानं न्हाऊ घातलं. उटणं हरलं, पेट्रोल जिंकलं. इंदरगंजात मिठाई घ्यायला गेलो तर हलवाई नाक उडवून म्हणाला, "बाबूजी, मोटर ले ली क्या?"

काकू, म्हणजे भाऊसाहेबांची बायको, पदर नाकाला लावून उंबऱ्यातूनच परतल्या. "मी बाई गार पाण्यानं न्हाईन. या वासानंच तर तुमच्या होडीतून उतरले होते मी." खरं होतं. लग्नानंतर एकदाच त्या होडीत चढल्या आणि होडी सुटायच्या आत खाली. पुढे सारा जन्म काठावरूनच हात हलवला.

पाडव्याला काकूंनी नवऱ्याला ओवाळलं. तबक रिकामंच राहिलं.

"ओवाळणी?" काकू म्हणाल्या.

"टांगा उभा आहे. चल, हवा निघून जाईल! वामनराव, तुम्ही दोर धरायला."

तलावावर काकू अडून बसल्या. "नको हो, मला सोसत नाही."

भाऊसाहेबांनी मागच्या बाकाची फळी उचलली. टाकीच्या जागी घासून लख्ख केलेलं लाकूड, आणि त्यावर ओला वाळा अंथरलेला.

"हुंग," ते म्हणाले. "उद्या नवी टाकी बसेल, होडी भोपाळला जाईल. आज हिच्या पोटात पेट्रोलचा थेंब नाही."

काकू वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग चपला काठावर काढून, देवळात जावं तशा आत चढल्या.

शीड फुगलं. होडी तलावाच्या मधोमध आली, आणि वारा पडला. मी इंजिनाकडे पाहिलं. टाकी तर छावनीत, बंब होऊन बसलेली!

"गेली का हो तुमची हवा?" काकूंनी विचारलं.

भाऊसाहेब काकूंशेजारी, वाळ्याच्या त्या बाकावर, चक्क मांडी घालून बसले.

"जाऊ दे," म्हणाले.