दोन साक्षीदारांसमक्ष

बायकोचा लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं लागतात हे स्टोअरकीपरने घड्याळ लावून मोजलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. न मोजता गप्प बसला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मोजल्याशिवाय राहील तो स्टोअरकीपर कसला! एका मोठ्या हॉस्पिटलच्या भांडारात त्याची वीस वर्षं गेली होती. साबण, चादरी, बल्ब, हातमोजे, सगळं त्याच्या खिडकीतून मोजून बाहेर पडायचं. (घरातले चमचेही तो मोजायचा. चार वर्षांपासून एक कमी आहे. विषय अजून बंद झालेला नाही.)

"अगं, जुनी डिस्क काढून नवी टाकू या. चुटकीसरशी चालू होईल बघ."

"आत्ता नको हं," बायको म्हणाली. "सोमवारी वेळापत्रक द्यायचंय. त्यानंतर काय वाटेल ते करा."

बायको शाळेत भूगोल शिकवायची. यंदा पहिल्यांदाच शाळेचं वेळापत्रक तिच्याकडे आलं होतं. अठ्ठावीस शिक्षक, अठरा वर्ग, आणि प्रत्येकाच्या शंभर अटी. त्याआधी चौदा वर्षं हे काम गणिताच्या सरांकडे होतं. सर हल्ली स्टाफरूममध्ये "मॅडमना जमलं तर आनंदच आहे" असं म्हणायचे आणि असं काही हसायचे, की आनंद नक्की कशात आहे ते सगळ्यांना कळायचं. सोमवारी सकाळी तक्ता मुख्याध्यापिकांच्या टेबलावर नसला तर काम परत सरांकडे जाणार होतं. बायकोने तीन आठवडे खपून शुक्रवारी तो पुरा केला होता. आता फक्त प्रिंट काढायची राहिली होती.

"पुरा झालाय ना? मग अडतंय कुठे?" स्टोअरकीपर म्हणाला. "नव्या डिस्कवरून प्रिंट काढ, दहा सेकंदांत!"

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली गेली. नवी डिस्क त्याने आदल्याच दिवशी आणली होती, आणि बायको बाजारात गेल्यावर वायर जोडून जुनीची नक्कल नवीवर उतरवूनही ठेवली होती. नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने "यातली कोणती?" असं विचारून दोन नावं दाखवली होती. स्टोअरकीपरने अनुक्रमांक एक निवडला. (अनुक्रमांक एक सोडून दोनपासून सुरुवात करणारा माणूस त्याच्या खात्यात टिकला नसता.)

स्क्रू ठेवायला त्याने आईची गोळ्यांची डबी घेतली, वारांचे सात कप्पे असलेली.

"अरे, माझी मंगळवारची गोळी कुठाय?" आईने विचारलं.

"आई, मंगळवारात हात घालू नकोस! तिथे मागच्या झाकणाचे स्क्रू आहेत."

झाकण उघडलं. आत एक लहानशी पट्टी होती आणि एक चांगली जाडजूड डिस्क. आता जुनी कोणती हे काय सांगायला हवं? जाडजूड बाहेर आली, नवी आत गेली, झाकण बसलं, बटण दाबलं. नऊ सेकंद! लॅपटॉप चालू! आईने टाळ्या वाजवल्या. बायकोनेही इस्त्री थांबवून "अरे वा!" म्हटलं.

इथे थांबला असता तरी चाललं असतं हो. पण भांडाराचा एक नियम त्याच्या रक्तात भिनला होता. नवी वस्तू दिली की जुनी त्याच दिवशी दोन साक्षीदारांसमक्ष मोडून टाकायची. नाहीतर तीच फुटकी बादली दाखवून लोक दुसरी नवी बादली नेतात. वीस वर्षांत त्याच्या हातून एकही जुनी वस्तू धड सुटली नव्हती. त्याने डिस्क मागच्या पायरीवर ठेवली, जाड खिळा लावला आणि हातोड्याने तीन भोकं पाडली.

"आतून छान आरशासारखी आहे की रे," आई वाकून बघत म्हणाली.

मग त्याने घरीच आखलेला कागद पुढे केला. आईने चष्म्याशिवाय सही केली. बायकोने एका हातात इस्त्री धरून दुसऱ्या हाताने केली.

"ही कसली सही?"

"काही नाही गं. औपचारिकता."

पाचच मिनिटांत बायको प्रिंट काढायला लॅपटॉपपाशी बसली.

"अहो, माझं शाळेचं फोल्डर दिसत नाहीये."

"असेल तिथेच. नीट बघ."

"नीटच बघतेय. शाळेचं काहीच नाही इथे. जे आहे ते दोनदोनदा आहे."

मग हळूहळू उलगडा झाला. ती लहान पट्टी होती ना, तिच्यावर फक्त लॅपटॉप चालू करायचं सामान होतं. अनुक्रमांक एक ती. बायकोचं सगळं काम अनुक्रमांक दोनवर होतं, लॅपटॉपला अडवून धरणाऱ्या त्या जाडजूड डिस्कवर. तिची नक्कल झालीच नव्हती, आणि ती आता मागच्या पायरीवर तीन भोकांनिशी उन्हात चमकत होती. स्टोअरकीपरने घाईघाईने दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला.

"किती भोकं म्हणालात?" दुकानदाराने विचारलं.

"तीन."

"मग भिंतीवर टांगा साहेब. भोकं तयारच आहेत."

"कच्चे कागद असतील ना गं?" त्याने चाचरत विचारलं.

"पक्कं झालं की कच्चं फाडायचं, असं कोण म्हणतं रोज? फाडले शुक्रवारी."

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. भरल्या डोळ्यांनी नुसतं म्हणाली, "उद्या सर हसणार." बस्स, एवढंच. स्टोअरकीपरला स्वतःची इतकी लाज वाटली की आयुष्यात पहिल्यांदा त्याला नोंद कुठे करावी ते सुचेना.

आई मात्र उठली. तिने मोठा कोरा कागद आणि आखायची पट्टी सुनेपुढे ठेवली आणि मुलाच्या हातात त्याचा फोन दिला. "तू आख गं. आणि हा फोन करेल एकेकाला. मोडलंय त्याने, जोडेल तोच."

पहिला फोन संगीताच्या बाईंना लागला.

"नमस्कार, मॅडमच्या वतीने बोलतोय. वेळापत्रकासाठी तुमच्या अटी पुन्हा लिहून घ्यायच्या होत्या."

"पुन्हा? मागच्याच आठवड्यात सांगितल्या की!"

मी नवरा, मीच घाण केली, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं भलतंच. "त्याचं काय आहे, मॅडमच्या मिस्टरांनी डिस्क फोडली."

"अगंबाई! रागाने?"

"नाही हो. हौसेने."

"आणि मॅडम?"

"सोसतायत."

मग प्रत्येक फोनवर तेच सांगावं लागलं, आणि प्रत्येकाचं मिस्टरांविषयीचं मत ऐकावं लागलं. खेळाच्या सरांनी विचारलं, "करतो काय हा माणूस?"

"स्टोअरकीपर आहेत."

"तिथे काही शिल्लक आहे का अजून?"

रसायनाच्या बाई तर फारच तापल्या. "अशा माणसाला घरात ठेवतात तरी कशाला?"

"मलाही तेच वाटतं," स्टोअरकीपर म्हणाला, आणि ते त्याला अगदी मनापासून वाटलं. बायकोने कागदावरून मान वर केली नाही, पण सकाळपासून पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला.

सातआठ फोनांनंतर मात्र त्याचा सूर बदलला. समोरून मागण्या येत होत्या, आणि वीस वर्षं खिडकीत बसून त्याने मागण्यांचंच तर केलं होतं!

"मला रोज शेवटचा तास मोकळा हवा," चित्रकलेचे सर म्हणाले.

"शेवटचे मोकळे संपले. पहिल्यातले दोन शिल्लक आहेत. देऊ?"

"संपले कसे?"

"आधी आलेल्यांनी नेले. लवकर सांगा, मागे रांग आहे."

चित्रकलेचे सर मुकाट्याने दोन घेऊन गेले. तीन आठवडे बायकोने ज्यांना हातापाया पडून समजावलं होतं ते सगळे "शिल्लक नाही" या दोन शब्दांपुढे गप्प झाले. ती एकेक चौकट भरत गेली. शेवटी एकच नाव उरलं. गणिताचे सर.

"त्यांना नको हो फोन," बायको म्हणाली. पण तोवर तो लागला होता.

"काही अडलंय का मॅडमचं?" सरांच्या आवाजात साखर होती.

"काही नाही. वाटप चालू आहे. आपली मागणी?" इथे त्याने मिस्टरांचा विषय अजिबात काढला नाही.

सरांनी सहा अटी सांगितल्या.

"यातल्या दोन मिळतील. शनिवारचा शेवटचा तास तुमच्याकडे निघतोय."

"शनिवार? अहो, चौदा वर्षं मी..."

"मागच्या वर्षांचं धरत नाही, सर. चालू वर्षाचं बोला."

बायकोने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. संध्याकाळी सहाला तक्ता पुरा झाला. तो टाइप करताना लॅपटॉप पळत होता, हे कुणीतरी बोलून दाखवावं असं स्टोअरकीपरला फार वाटलं. कुणी बोललं नाही.

सोमवारी तक्ता मंजूर झाला. संध्याकाळी बायको घरी येऊन टेकते न टेकते तोच गणिताच्या सरांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तक्ता पाहिला. मानलं तुम्हाला. वर्षभर हे काम आता तुमच्याकडेच राहू दे. मिस्टरांचं कळलं स्टाफरूममध्ये, वाईट वाटलं. पण तो फोनवरचा माणूस कुठून मिळवलात? काय खमका आहे हो! मला असा मिळाला असता तर चौदा वर्षं सुखात गेली असती. सोडू नका त्याला. कायम आहे का तो?"

चहाचा ट्रे घेऊन आलेला स्टोअरकीपर दारातच थांबला. त्याची छाती दोन इंच फुगली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. बायकोने त्याला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं.

"नाही सर," ती म्हणाली, "अजून तात्पुरताच ठेवलाय. काम बघून ठरवू."

"आणि घाई करू नकोस गं," आतून आईने सांगितलं.