चार मिनिटांचं उड्डाण

रविवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मुंबई विमानतळ, प्रवासी बाहेर पडतात ते दार. चामटोलीचा हिरामण पुठ्ठा छातीशी धरून उभा होता. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'सासूबाई, मी इथे आहे.' (तोवर चार अनोळखी सासवा थबकून, त्याला निरखून पुढे गेल्या होत्या.)

गेल्या वर्षी सासूबाई, म्हणजे कमळाबाई, कल्याणच्या एसटी स्टँडवर दोन तास बसून राहिल्या आणि हिरामण बदलापुरात त्यांची वाट बघत राहिला. तेव्हापासून त्याची बायको अंजनी रोज भाकरीबरोबर तो स्टँड वाढायची. आता कमळाबाई नागपूरच्या लेकाकडून पहिल्यांदाच विमानाने येत होत्या. हिरामणने पणच केला होता : दार उघडलं की समोर जावई!

तयारी आठ दिवसांची. तिकीट त्याने स्वतः काढलं, उल्हासनगरहून प्रिंट आणून फ्रिजवर चिकटवली, वर लाल पेनाने लिहिलं, 'नीट वाचा!' मग हवाई अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगणारी एक वेबसाइट पाहिली आणि विमान कंपनीवर भडकला. "सातशे किलोमीटरला दीड तास? वरती काय खड्डे आहेत?" (खड्ड्यांवर बोलायचा त्याला हक्क होता. अंबरनाथ-बदलापूर रस्त्याने त्याच्या दोन स्कूटर खाल्ल्या होत्या.)

फोन वाजला. अंजनी.

"अहो, आई कधीची बाहेर उभी आहे. तुम्ही कुठंयत?"

"दारातच!"

"कुठल्या दारात? तिथली पोलीसबाई म्हणतेय, हा नवी मुंबईचा विमानतळ आहे."

पुठ्ठा हातातून गळाला. नवा विमानतळ सुरू झाल्याचं 'आता आपल्याला किती जवळ!' म्हणत पानाच्या टपरीवर महिनाभर ऐकवलं होतं ते हिरामणनेच. पण पाय सवयीने जुन्याच वाटेला लागले होते.

माघार घेईल तो हिरामण कसला! त्याने त्याच वेबसाइटवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. उत्तर आलं : अंतर तीस किलोमीटर, उड्डाण चार मिनिटं.

"अंजे, आईंना सांग, चार मिनिटांत आलो!"

"चार मिनिटांत? उडत येताय का?"

"हो!"

तो तडक तिकीट खिडकीवर गेला. "नवी मुंबईचं एक द्या. चार मिनिटंवालं."

"काका, इथून तिथे विमान जात नाही."

"मग वेळ कशी दिलीय? हे बघा!"

"ते त्यांना विचारा ना."

"मी तुम्हाला विचारतोय! जे विमान उडतच नाही, ते चार मिनिटांत पोचतं कसं?"

मुद्दा बिनतोड होता. तो मांडण्यात अर्धा तास गेला. नंतर टॅक्सी, पूल, सिग्नल, पुन्हा पूल. दोन तासांनी नव्या विमानतळावर उतरला, तर फोन : "या आता घरी. आई रिक्षा करून कधीच आली."

दिवेलागणीला हिरामण चामटोलीत पोचला. ओटीवर कमळाबाई चहा पीत बसल्या होत्या.

"या जावईबापू, हातपाय धुवा. लई लांबून आलात."

अंजनीने फ्रिजवरची प्रिंट काढून त्याच्या हातात दिली. 'नवी मुंबई' ही अक्षरं सगळ्यात ठळक होती. त्यावर लाल पेनाने, हिरामणच्याच वळणदार हस्ताक्षरात, 'नीट वाचा!'

ही सूचना नेमकी कुणासाठी होती, याचा खुलासा हिरामणकडून अद्याप आलेला नाही.