पापलेटाच्या जाहिरातीची मोहीम कल्पिताबाईंनी फत्ते केली त्याची हकीकत

अंधेरी प्रांतीं, मरोळ परगण्यांत, जाहिरातींच्या दफ्तरांत जें थोर रण माजलें, तें पुढिलांस ठाऊक असावें म्हणोन लिहिलें ऐसीजे.

वेसाव्याच्या पुतळाबाई, मासळीबाजाराच्या खाशा सरदार, यांनी घरपोच मासळीचें संकेतस्थळ उघडिलें आणि त्याची जाहिरात दफ्तराचे खावंद मार्तंडराव यांजकडे सोंपविली. मार्तंडरावांनी तींत लुकलुकणारीं अक्षरें, गरगर फिरणारे तारे, उड्या मारणारी कोळंबी आणि सवलतीचा लालभडक शिक्का ऐसी अफाट फौज भरिली आणि ती बातम्यांच्या पानावर उतरविली. मग वाचकांच्या अंगठ्यांनी कोपऱ्यांतली, जाहिरात बंद करणारी, बारीक फुली दाबोन एकच कत्तल केली. ऑर्डर एकटी आली, तीही पुतळाबाईंच्या भाचीची. पुतळाबाई बहुत संतप्त जाहल्या आणि काम काढून घेण्याचा निरोप आला.

मग फर्मान सुटलें जे, धाकट्या चित्रकार कल्पिताबाई यांनी नवी जाहिरात रचावी, न साधल्यास आजन्म लग्नपत्रिका रंगवाव्या. आपणही दिवसभर फुलीच दाबतों, हें मनीं येऊन कल्पिताबाई फार शरमल्या आणि आपण थांबतों तें कशापाशीं, याचा विचार करूं लागल्या. तों ध्यानीं आलें कीं, कोणी थेट आपणांकडे पाहिलें तरच थांबतों. मग रिक्षेवर स्वार होऊन वेसाव्यास कूच केलें.

बाजारांत त्या मोबाइल उगारोन घुटमळल्या, तों पुतळाबाईंनी पापलेट उंच धरोन आरोळी ठोकिली, "अगो, बगतंस काय? घे ना!"

तेच क्षणीं फोटो निघाला. पुतळाबाई रोखून पाहत होत्या आणि पापलेटही. फोटो पाहोन पुतळाबाई खो खो हसल्या आणि तोच छापण्याची परवानगी दिधली. कल्पिताबाईंनी पांढऱ्या भुईवर तो मांडिला, खालीं तेंच वाक्य आणि एक बटण ठेविलें, बाकी सर्व फौज बरखास्त केली.

मार्तंडराव गरजले, "तारे कुठे गेले?"

"सर, तारे नकोत. एकदा चालवून बघा ना, यार!"

खावंदांस यार! मार्तंडरावांनी चहाचा घोट घेतला आणि मान डोलाविली.

मग अंगठे चौखूर उधळत आले आणि पुतळाबाईंची नजर पडतांच जागीं थबकले. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर ऐसे मुलूख एकामागोन एक काबीज जाहले आणि कित्येकांनी तर संवयीनें "ताई, थोडं कमी करा ना" ऐसी विनंती जाहिरातीखालींच लिहिली. कल्पिताबाई चाकांच्या खुर्चीवर बसोन गरागरा फिरूं लागल्या, तों वेसाव्याहून फोन आला.

"अगो कल्पिता, म्हावरं खलास! ती जाहिरात पयली बंद कर!"

कल्पिताबाईंनी स्वहस्तें जाहिरात थांबविली. मार्तंडरावांनी हुकूम केला जे, अंगठ्यांचा गनीम शाबूत असतां माल संपल्यामुळें लढाई थांबली, ऐसी फत्ते या दफ्तरीं प्रथमच, सबब नोंद व्हावी. त्यावरून नोंद केली असे. कल्पिताबाईंची सही घेणें बाकी, कारण खुर्ची अद्याप फिरत आहे.