जिन्यावरची हाज्जा

अलेक्झांड्रियातल्या त्या जुन्या इमारतीची लिफ्ट ऐन उन्हाळ्यात बंद पडली आणि पाचव्या मजल्यावरच्या वगीहच्या तोंडचं पाणी पळालं. घरात ऐंशीच्या घरातली आई. हज करून आलेली, म्हणून सगळे तिला हाज्जा इन्साफ म्हणत. वर्षभर ती बाल्कनीतल्या खुर्चीला खिळली होती. चहात मीठ घाली, वार विसरे, आणि सुनेला, शहीराला, आपल्या कधीच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं 'सादिया' म्हणून हाक मारी. त्यांना हिंडू-फिरू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आईला इकडची काडी तिकडे करू न देणं यालाच वगीह मातृभक्ती समजे.

त्यानं बाल्कनीतून दोरीला टोपली सोडली. पाव, भाजी, औषधं, सगळं त्यातून वर येऊ लागलं. एके दिवशी तो कामावरून आला तर खुर्ची रिकामी. घाबराघुबरा जिना उतरत गेला, तो आई दुसऱ्या मजल्यावर करीमानबाईंच्या दारात भेंडी चिरत बसलेली. टोपलीतून शिळा पाव आला म्हणून सकाळी ती पाववाल्याशी भांडायला निघाली होती. अजून पोचायची होती.

मग ते रोजचंच झालं. शेजाऱ्यांनी मजल्यामजल्यावर तिच्यासाठी खुर्च्या मांडल्या. कोणाच्या मुलीची परीक्षा आहे, कोणाचा गुडघा दुखतोय, हाज्जाला सगळं तोंडपाठ. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कॅप्टनसाहेबांचा भावाशी असलेला अबोला तिनं पायरीवर बसून मिटवला. जुन्या आठवणीही परतल्या. वगीह चौथीत जाईपर्यंत अंथरूण ओलं करायचा, हे एका आठवड्यात तळमजल्यापर्यंत पोचलं.

वगीहनं त्याच दिवशी मेकॅनिक बोलावला. लिफ्ट सुरू झाली, पण सकाळी फ्यूज गायब. नवा बसवला. चोर पकडायचाच म्हणून तो जिन्याखाली दबा धरून बसला, आणि त्याच्या हाती लागली त्याची बायको.

"हा दुसरा," शहीरा शांतपणे म्हणाली. "पहिला कॅप्टनसाहेबांनी काढला."

"वेड लागलंय तुम्हाला?"

"वर्षभर मी सादिया होते. परवा आईंनी जिन्यावरून हाक मारली. शहीरा म्हणून."

तिच्या हातातून फ्यूज घेऊन वगीहनं खिशात टाकला. पण मेकॅनिक मोठा कामसू निघाला. न बोलावता आला, नवा फ्यूज बसवून गेला.

संध्याकाळी आई बाजारातून परतली. लिफ्टचा दिवा झगझगत होता. तिनं बटणाकडे बोट नेलं.

"आई, बंद आहे ती," वगीह घाईघाईनं म्हणाला.

"दिवा लागलाय की रे."

"नुसता दिवाच लागतो."

आईनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, भाजीची पिशवी त्याच्या हातात दिली आणि जिना चढू लागली. तिसऱ्या मजल्यापर्यंत वगीहला धाप लागली. कॅप्टनसाहेब दारातच उभे होते.

"बघा हो कॅप्टन," खुर्चीत टेकत हाज्जा म्हणाली, "हा खोटं बोलला की याचे कान लाल होतात. लहानपणापासून."