मेश्रामांचं निंगबो

आम्ही राहतो त्या परदेशी शहरात सँडीफोर्डची लुआस ट्राम सुरू झाली तरी मेश्राम तिकडं जाताना हमखास चुकत. पण चीनमधल्या निंगबो बंदरात उतरून अशोकाच्या विहारात कसं जायचं, हे ते झोपेतही सांगत. "धक्का सोडा, पूर्वेकडची बस घ्या, डोंगर आला का उतरा. मी सांगून राहिलो ना!" निंगबोला ते आयुष्यात गेलेले नव्हते.

ब्लँचर्डस्टाउनच्या घरी त्यांच्या प्रेसवर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटावर, त्या शहराचा नकाशा चिकटवलेला. चहाआधी जपानी भिक्खू तिथं कसे उतरत आणि खिळा न मारता उभारलेलं लाकडी देऊळ कुठं आहे, हे ऐकावं लागे. तोवर चहा गार. आम्ही पुण्या-मुंबईच्या मंडळींनी त्यांचं नाव 'चिनी मेश्राम' ठेवलं होतं. ते 'जय भीम' म्हणत, आम्ही 'हॅलो' म्हणत असू. तेही आम्हाला विनोदीच वाटे.

या सगळ्याचं मूळ होती त्यांची आई. नागपूरच्या विहारात कुणा भिक्खूनं तिला सांगितलं होतं, की निंगबोजवळच्या अशोकाच्या विहारात बुद्धाचा अस्थिधातू आहे आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याचा रंग वेगळा दिसतो. म्हातारीची दृष्टी गेलेली. "तू पाहून ये अन् मले सांग," एवढंच तिचं मागणं. मेश्रामांची सगळी रजा तिच्यापाशी नागपुरात जाई, तेव्हा कामानिमित्त जाणं घडेल तेवढंच. आमच्या कारखान्यात सलाइनच्या नळ्यांचे भाग बनत आणि त्यांचे साचे निंगबोहून येत. त्याच आशेवर त्यांनी ही नोकरी धरली होती.

साचे तपासायला माणूस पाठवायची वेळ आली, तेव्हा मी साहेबाच्या कानी घातलं, की मेश्राम बोलायला लागले की थांबत नाहीत. साहेबानं मलाच पाठवलं. मेश्रामांनी राग धरला नाही. नकाशाची प्रत हातात देऊन म्हणाले, "तुम्ही चालले म्हणजे मीच चाललो, भाऊ. फक्त रंग पाहून या."

मी गेलो नाही. एक रविवार मोकळा मिळाला, तो बॅगा आणि घड्याळं घेण्यात घालवला.

परतून त्यांच्याकडं गेलो, तेव्हा ते दारातच उभे होते. घरात नेऊन त्यांनी नागपूरला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"कोनता रंग दिसला, बाबू?" म्हातारीनं विचारलं.

निळ्या झेंड्याखाली वाढलेलं घर. काय आवडेल हे मला ठाऊक होतं. "निळा," मी म्हणालो.

म्हातारी रडायला लागली. मेश्राम कितीतरी वेळ माझे दोन्ही हात धरून बसले. मला लाज वाटली, पण बॅगेचं कुलूप चांगलं निघालं याचाही आनंद होताच.

त्याच हिवाळ्यात ती गेली. पुढच्या वर्षी साहेबानं आपणहून मेश्रामांना निंगबोला जाता का म्हणून विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. मी तडक त्यांच्या घरी गेलो.

"अहो, एवढी वर्षं वाट पाहिली ना?"

प्रेसवरचा नकाशा काढलेला होता. चार कोपऱ्यांवर गोंदाचे डाग राहिले होते.

"आई निळा घेऊन गेली, भाऊ," ते म्हणाले. "मले दुसरा दिसला तर?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी पुढ्यात चहा ठेवला. त्या घरात पहिल्यांदाच तो गरम मिळाला. मी कप तोंडाला लावला.